स्विच आणि त्याच्या आज्ञाभाषा

आमच्या संगणकवर्गांत दाराच्या वर भिंतीला एक लांबट लोखंडी पेटी बसविलेली आहे. तिच्या तोंडावर चोवीस खाचा आहेत, बहुतेक खाचांत एकेक तार शिरलेली आहे, आणि तारेपाशीं एक हिरवा दिवा दिवसभर लुकलुकत असतो. वर्गांत येणारा प्रत्येक विद्यार्थी तिच्याखालून जातो. परंतु ही पेटी काय करते असें विचारलें तर दहांपैकीं नऊ जण “ती इंटरनेट देते” असें सांगतात. पोस्टमन पत्रें लिहितो असें म्हणण्याइतकेंच हें उत्तर खरें आहे. या पेटीस स्विच म्हणतात. तिचें काम कोणतें, तिला मनुष्य हुकूम कसा देतो, आणि एकच हुकूम निरनिराळ्या कंपन्यांच्या स्विचांस निरनिराळ्या भाषांत कां द्यावा लागतो, हें सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय थोडा रुक्ष वाटेल. तथापि गेल्या वर्षीं याच पेटीनें आम्हांस असा कांहीं धडा शिकविला कीं, तो एकट्यानें पचविण्यापेक्षां वाचकांस वांटून द्यावा हें बरें.

प्रथम काम पाहूं. जाळ्यावरील प्रत्येक संगणकास कारखान्यांतच एक पत्ता मिळालेला असतो. एक संगणक दुसऱ्यास मजकूर पाठवितो तेव्हां त्या मजकुराचीं लहान लहान पाकिटें होतात, आणि प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन्ही पत्ते असतात. स्विच पाठविणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि “हा गृहस्थ सातव्या खाचेंत राहतो” अशी नोंद करून ठेवतो. पुढें त्या पत्त्याचें पाकीट आलें कीं तें फक्त सातव्या खाचेंतून बाहेर पाठवितो. घेणारा कोठें राहतो हें ठाऊक नसेल तर मात्र, पाकीट ज्या खाचेंतून आलें ती सोडून बाकी सर्व खाचांतून तें पाठवून देतो. नव्या गांवीं पोस्टमननें प्रत्येक दाराशीं हांक मारावी, त्यांतलाच हा प्रकार. हें सर्व तो कोणीं न सांगतां आपोआप शिकतो.

परंतु एक गोष्ट त्यास सांगावी लागते. एकाच पेटीचे, ती न कापतां, अनेक तुकडे करतां येतात. अशा तुकड्यास व्हीलॅन म्हणतात व प्रत्येकास १ पासून ४०९४ पर्यंतचा एखादा क्रमांक देतात. आमच्या येथें कचेरीचे संगणक १० क्रमांकाच्या व्हीलॅनमध्यें आहेत आणि विद्यार्थ्यांचे २० क्रमांकाच्या. एका व्हीलॅनचें पाकीट दुसऱ्यांत जात नाहीं. पालकांनीं येथें थोडें लक्ष द्यावें अशी विनंती आहे. आपल्या मुलांचे गुण, घरचा पत्ता, जन्मतारीख, फीचा हिशेब, हीं सर्व माहिती ज्या संगणकांत आहे त्यांच्याभोंवतालची भिंत विटांची नाहीं. ती या पेटीस दिलेल्या चार-सहा ओळींची आहे. त्यांतली एक ओळ चुकली तर भिंतीस भगदाड पडतें, आणि पडलेलें दिसतही नाहीं, कारण हिरवे दिवे पूर्वीसारखेच लुकलुकत असतात.

या ओळी द्यावयाच्या कशा? पेटीस पडदा नाहीं आणि कळफलकही नाहीं. एक मार्ग असा कीं, कन्सोल नांवाची खास तार पेटीच्या ठराविक खाचेंत घालावी, तिचें दुसरें टोंक संगणकास जोडावें, आणि संगणकाच्या पडद्यावर अक्षरें टंकून पेटीशीं बोलावें. दुसरा मार्ग सोयीचा: शिडीवर न चढतां, शिक्षकांच्या खोलींत बसूनच, जाळ्याच्या द्वारें पेटीशीं बोलावें. या दुसऱ्या मार्गांत ज्या फांदीवर बसावयाचें तीच तोडण्याची सोय आहे, हें आम्हांस गेल्या वर्षीं कळलें.

झालें असें. कचेरींत परीक्षेचे अर्ज भरण्याचें काम चाललें होतें व मुदतीचे दोनच दिवस उरले होते. आम्ही शिक्षकांच्या खोलींत बसून स्विचची एक रिकामी खाच बंद करीत होतों. तेवीसच्या जागीं चोवीस लिहिलें गेलें. चोवीसाव्या खाचेंत तीच तार होती, जिच्यांतून आमचा हुकूम आणि कचेरीचा सर्व व्यवहार जात होता. पडदा गोठला. पुढची दुरुस्तीची आज्ञा आम्हांस तोंडपाठ होती; ती पोहोंचविण्यास रस्ता नव्हता. पांच मिनिटांत कचेरींतून निरोप आला, दहा मिनिटांत मुख्याध्यापक आले. कन्सोलची तार शोधूं लागलों तों ती कोणास ठाऊक नव्हती. शेवटीं शिपाईदादांनीं शिडी धरली, आम्हीं वर चढून पेटीची वीज काढली, पुन्हां दिली, आणि तीन-चार मिनिटांनीं सर्व सुरळीत झालें. दोष पेटीचा नव्हता, आमच्या बोटाचा होता. पण वीज काढून दिल्यानें चूक पुसली कशी गेली, हें त्या संध्याकाळीं अनेकांनीं विचारलें. त्याचें उत्तर हाच या लेखाचा गाभा आहे.

स्विच हाही एक संगणक आहे व त्याच्या आंत एक कार्यप्रणाली असते. या व्यवसायांत सर्वांत प्रसिद्ध कार्यप्रणाली सिस्को कंपनीची, ‘आय. ओ. एस.’ नांवाची. (फोनांतील त्याच नांवाच्या प्रणालीशीं हिचा संबंध नाहीं.) ही कंपनी १९८४ मध्यें अमेरिकेंत लेनर्ड बोझॅक व सँडी लर्नर या स्टॅनफर्ड विद्यापीठांतील जोडप्यानें स्थापिली. हिच्या भाषेंत पायऱ्या आहेत. आंत शिरतांच ‘>’ असें चिन्ह दिसतें. येथें फक्त पाहतां येतें, तेंही थोडें. ‘एनेबल’ म्हटल्यावर ‘#’ दिसतें; येथें सर्व पाहतां येतें. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ म्हटल्यावर बदल करतां येतात, आणि बदल करतांना अमुक खाच, अमुक व्हीलॅन असें आणखी आंत शिरावें लागतें. ‘शटडाउन’ म्हटलें कीं खाच बंद. उघडण्यास निराळा शब्द नाहीं, त्याच आज्ञेच्या आधीं ‘नो’ लावावयाचा. संस्कृतांत शब्दामागें ‘अ’ लावून अर्थ उलटवितात, तसें. शब्दही पुरा लिहावा लागत नाहीं; दुसऱ्या कोणत्याही आज्ञेशीं घोंटाळा होणार नाहीं इतकीं अक्षरें पुरतात. अडल्यास ‘?’ टंकावें, पुढें कोणते शब्द चालतील याची यादी ती स्वतःच देते. अशी परीक्षा आमच्या विद्यार्थ्यांस फार आवडेल.

शुद्धलेखनाच्या बाबतींत मात्र तिची एक खोड आहे. पहिल्या पायऱ्यांवर अनोळखी शब्द टंकला तर ती त्यास चूक समजत नाहीं. हें एखाद्या दूरच्या यंत्राचें नांव असावें असें समजून ती त्याचा पत्ता जाळ्यावर विचारीत बसते, आणि तोंवर मनुष्यास ताटकळावें लागतें. म्हणून शहाणे लोक ही चौकशी आधींच बंद करून ठेवतात.

आतां मुद्द्याची गोष्ट. या प्रणालींत ओळ टंकून एंटर दाबलें कीं ती त्याच क्षणीं अमलांत येते. विचारणें नाहीं, पुसणें नाहीं. मात्र ती अमलांत आली तरी कायमच्या वहींत लिहिली जात नाहीं. पेटीजवळ दोन प्रती असतात: एक ‘रनिंग’, म्हणजे सध्यां चालू असलेली, दुसरी ‘स्टार्टअप’, म्हणजे वीज आल्यावर प्रथम वाचावयाची. पहिलीची नक्कल दुसरींत करण्याची आज्ञा मनुष्यानें आठवणीनें द्यावी लागते. ती देण्यापूर्वीं वीज गेली तर सर्व बदल नाहींसे होतात. आमची पेटी याच रीतीची असल्यानें आमची चूक वीज काढल्यावर पुसली गेली. परंतु हेंच दुधारी शस्त्र आहे: एखाद्यानें चांगले बदल केले, नक्कल करण्यास विसरला, आणि सहा महिन्यांनीं पावसाळ्यांत वीज गेली, तर त्या दिवशीं जाळें कां बिघडलें हें कोणास उमगत नाहीं.

तत्काळ अंमल किती घातक असूं शकतो याचें एक उदाहरण या धंद्यांतील जवळजवळ प्रत्येकास ठाऊक आहे. दोन स्विचांस जोडणाऱ्या तारेवरून अनेक व्हीलॅन जातात. समजा, १० व २० जात आहेत आणि ३० नवा सोडावयाचा आहे. अशा वेळीं ‘अलाउड व्हीलॅन ॲड ३०’ असें म्हणावयास पाहिजे. ‘ॲड’ हा तीन अक्षरांचा इंग्रजी शब्द राहिला तर यंत्र त्याचा अर्थ “फक्त ३० जाऊं द्या” असा घेतें, व १० आणि २० त्याच क्षणीं तुटतात. व्याकरण शुद्ध, अर्थ भलताच! सावध लोक यावर एक युक्ति करतात. बदल करण्यापूर्वीं “दहा मिनिटांनीं स्वतः बंद होऊन पुन्हां सुरू हो” अशी आज्ञा देऊन ठेवतात. सर्व ठीक झालें तर ती रद्द करतात. रस्ता तुटला तर दहा मिनिटांनीं पेटी जुन्या वहीप्रमाणें उठते. युक्ति चांगली, पण त्यासाठीं सर्व पेटी बंद पडते, म्हणजे एका खाचेच्या चुकीकरितां चोवीस खाचांस शिक्षा.

याहून निराळी रीत ज्युनिपर कंपनीनें घातली. प्रदीप सिंधू या आय. आय. टी. कानपूरच्या पदवीधरानें १९९६ मध्यें अमेरिकेंत ही कंपनी काढली. तिची ‘जुनॉस’ ही प्रणाली १९९८ मध्यें मोठ्या राउटरावर आली व २००८ पासून स्विचांवरही आली. (ही कंपनी २०२५ मध्यें एच्. पी. एन्टरप्राइझनें विकत घेतली.) येथें टंकलेली ओळ लगेच अमलांत येत नाहीं; ती एका कच्च्या प्रतींत लिहिली जाते. निबंध आधीं कच्च्या वहींत लिहावा, खाडाखोड करावी, मग पक्क्या वहींत उतरावा, असें आम्ही मुलांस नेहमीं सांगतों. तीच ही पद्धति. कच्ची प्रत आणि चालू प्रत यांत काय फरक आहे तें यंत्रासच विचारतां येतें. तें वाढलेल्या ओळींस अधिक व गेलेल्या ओळींस उणें चिन्ह लावून दाखवितें. विसंगति नाहीं ना, हें तपासून घेतां येतें. मग ‘कमिट’ म्हटलें कीं सर्व बदल एकत्र लागू होतात. चालू धरून ५० प्रती पेटी जपून ठेवते, व ‘रोलबॅक’ म्हणून त्यांतील कोणतीही परत आणतां येते.

यांतील सर्वांत सुंदर आज्ञा ‘कमिट कन्फर्म्ड’ ही होय. ती दिली कीं बदल लागू होतात, परंतु दहा मिनिटांपुरते. तेवढ्या वेळांत मनुष्यानें पुन्हां ‘कमिट’ म्हटलें तरच ते कायम होतात. नाहीं तर पेटी आपण होऊन मागील स्थितीस जाते. आपण फांदी तोडून खालीं पडलों तर दुसरें ‘कमिट’ म्हणण्यास आपण वर नसतों, आणि हीच खूण ओळखून यंत्र फांदी पुन्हां जोडतें. पेटी बंद पडत नाहीं, बाकीच्या खाचांस कळतही नाहीं. ही आज्ञा आमच्या हातीं असती तर त्या दिवशीं शिडी लागली नसती.

तथापि जुनॉस निर्दोष आहे असें कोणीं समजूं नये. दोन माणसें एकाच वेळीं आंत आलीं तर, निराळें सांगितलें नसल्यास, त्यांची कच्ची प्रत एकच असते. एकानें अर्धवट लिहिलेलें दुसऱ्याच्या ‘कमिट’नें लागू होऊन जातें. शिवाय लहान पेट्यांवर ‘कमिट’ला बराच वेळ लागतो. आणि घाईच्या वेळीं, एकच खाच पटकन उघडावयाची असतां, नवशिका मनुष्य ओळ टंकतो, वाट पाहतो, यंत्रास दोष देतो, आणि अर्ध्या तासानें त्यास आठवतें कीं ‘कमिट’ म्हणावयाचें राहिलें.

आता अरिस्टा कंपनीची गोष्ट, कारण तिच्यामुळें ‘भाषा कोणाच्या मालकीची’ हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला. ही कंपनी २००४ मध्यें निघाली. अँडी बेख्टोल्सहाइम, डेव्हिड चेरिटन व केन ड्यूडा हे तिचे संस्थापक. २००८ पासून भारतांत वाढलेल्या जयश्री उल्लाल तिच्या प्रमुख आहेत. उल्लालबाई पूर्वीं क्रेसेंडो या कंपनींत होत्या, व १९९३ मध्यें सिस्कोनें क्रेसेंडो विकत घेतली तेव्हां सिस्कोंत आल्या. मौज अशी कीं, त्या खरेदींतून सिस्कोस मिळालेल्या स्विचांची भाषा सिस्कोच्या राउटरांहून अगदीं निराळी होती. तींत बहुतेक हुकूम ‘सेट’ या शब्दानें सुरू होत. कित्येक वर्षें एकाच कंपनीच्या पेट्यांशीं दोन भाषांत बोलावें लागे.

अरिस्टाची ‘ई. ओ. एस.’ प्रणाली आंतून लिनक्सवर उभी आहे, पण बाहेरून बोलतांना ती इतकी आय. ओ. एस.सारखी बोलते कीं, एकीवर शिकलेला मनुष्य दुसरीवर सहज रुळतो. सिस्कोनें डिसेंबर १९१४ नव्हे, २०१४ मध्यें (अशा चुका आम्ही मुलांच्या वह्यांत लाल शाईनें दाखवितों!) फिर्याद केली कीं, आमच्या पांचशेंहून अधिक आज्ञा यांनीं जशाच्या तशा उचलल्या. डिसेंबर २०१६ मध्यें सॅन होझे येथील ज्यूरीनें निकाल दिला. नक्कल झाली हें ज्यूरीनें मान्य केलें. परंतु त्या धंद्यांतील रूढीमुळें व कामाच्या गरजेमुळें जे शब्द कोणासही वापरावेच लागतात, त्यांवर कोणा एकाचा हक्क चालत नाहीं, हा अरिस्टाचा बचावही मान्य केला. भरपाई द्यावी लागली नाहीं. पेटंटांचे निराळे दावे चालू होतेच. ते सर्व मिटवून ऑगस्ट २०१८ मध्यें अरिस्टानें ४० कोटि डॉलर दिले. भाषा शिकविणें हा आमचा धंदा असल्यामुळें ज्यूरीचें म्हणणें आम्हांस पटतें. बाजारांत ‘द्या’ आणि ‘घ्या’ हे शब्द कोणीं पेटंट करून कसें चालेल? पण ज्यांनीं ‘एनेबल’पासून सुरुवात करून तो कोश वर्षानुवर्षें घडविला, त्यांचा राग समजण्यासारखा आहे. अरिस्टानें बाहेरचें बोलणें जुनें ठेवून आंत सोयी नव्या केल्या: कच्च्या प्रतीवर काम करणें, ठराविक मुदतींत कायम न केल्यास बदल मागें घेणें, आणि एक शब्द टंकून थेट लिनक्समध्यें उतरणें.

शब्द सारखे असले म्हणजे अर्थ सारखाच असतो असें मात्र नाहीं. ‘ट्रंक’ हा शब्द घ्या. सिस्कोंत ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणारी तार. एच्. पी.च्या प्रोकर्व्ह जातीच्या स्विचांवर ट्रंक म्हणजे अनेक तारा एकत्र बांधून केलेली एक जाड तार. मराठींत ‘शिक्षा’ म्हणजे दंड व हिंदींत शिक्षण, अशी ती गंमत आहे. पण त्यावरून केलेली चूक गमतीची होत नाहीं. विचाराची दिशाही उलटी आहे. सिस्कोंत खाचेपाशीं जाऊन “तूं कोणत्या व्हीलॅनची” हें सांगावें लागतें. प्रोकर्व्हवर व्हीलॅनपाशीं जाऊन “तुझ्या खाचा कोणत्या” हें सांगावें लागतें. वर्गाची हजेरी मुलाच्या नांवापुढें वर्ग लिहून घ्यावी कीं वर्गाच्या नांवाखालीं मुलें लिहून घ्यावी, एवढाच फरक. परंतु जन्मभर एक रीत केलेल्यास दुसरी रीत डाव्या हातानें लिहिण्यासारखी वाटते. चीनच्या हुआवे कंपनीच्या प्रणालींत ‘शो’च्या जागीं ‘डिस्प्ले’ आणि ‘नो’च्या जागीं ‘अन्डू’ आहे.

लाटव्हियांतील मिक्रोटिक कंपनीच्या पेट्या स्वस्त म्हणून पुष्कळ ठिकाणीं दिसतात. त्यांच्या आज्ञा फायलींच्या मार्गासारख्या तिरप्या रेघांनीं लिहितात. अंमल तत्काळ असतो, परंतु ‘सेफ मोड’ नांवाची सोय आहे: ती चालू असतां आपला संबंध तुटला तर त्या बैठकींत केलेले बदल पेटी आपण होऊन परत घेते. ज्युनिपरच्या युक्तीचीच ही धाकटी बहीण. क्यूम्युलस व सोनिक या प्रणाली तर उघड उघड लिनक्सच आहेत. सोनिक २०१६ मध्यें मायक्रोसॉफ्टनें सर्वांस खुली केली. त्या मोठ्या केंद्रांसाठीं आहेत, शाळेस त्यांचें प्रयोजन नाहीं.

हा सर्व खटाटोप लहान माणसांच्या लहान चुकांपुरता आहे असें वाटत असेल, तर पालकांनीं सोमवार ता. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवावी. नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक व इन्स्टाग्राम हीं सर्व एकाएकीं बंद पडलीं व सुमारें सहा तास बंद होतीं. कंपनीनें मागून सांगितलें तें असें: देखभालीच्या कामांत, जाळ्याची वाहक शक्ति किती आहे हें पाहण्यासाठीं एक आज्ञा देण्यांत आली, तिनें कंपनीच्या जगभरच्या केंद्रांस जोडणारे सर्व दुवे तोडले. अशा आज्ञा अडविण्यासाठीं एक तपासनीस प्रोग्रॅम होता, पण त्यांतच दोष असल्यानें त्यानें ती अडविली नाहीं. दुरुस्तीचीं साधनेंही त्याच तुटलेल्या जाळ्यावर होतीं. तेव्हां माणसें प्रत्यक्ष केंद्रांत पाठवावीं लागलीं, आणि कडक बंदोबस्तामुळें तीं आंत शिरण्यासही वेळ लागला. त्यांचीही अखेर शिडीच!

पुढील वर्षीं नवीन खोल्यांसाठीं आणखी एक स्विच घ्यावयाचा आहे. ज्यास आज्ञाभाषा मुळींच नाहीं व जो केवळ चित्रांच्या पानावरून चालतो, असा स्विच स्वस्त मिळतो. आम्हीं त्याविरुद्ध मत दिलें. चित्रावर कोठें कोठें टिचकी मारली याची नोंद राहत नाहीं. टंकलेल्या ओळी मात्र कागदावर छापून ठेवतां येतात, मागच्या ओळींशीं ताडून पाहतां येतात, आणि आमच्यानंतर येणाऱ्या शिक्षकास वाचतां येतात. कंपनी कोणतीही असो, बदल मुदतीनें मागें घेण्याची सोय त्यांत असावी एवढी एकच अट आम्हीं लेखी कळविली आहे. किंमत थोडी अधिक पडेल. अर्जाच्या मुदतीच्या दिवशीं बंद पडलेल्या कचेरीची किंमत कोणीं मांडून दाखविली तर आम्ही दोन्ही आंकडे शेजारीं ठेवूं.

तोंपर्यंत कन्सोलची तार पेटीखालच्या खिळ्यास अडकवून ठेवली आहे; ती कोणींही घरीं नेऊं नये. पेटीच्या आज्ञांची छापील प्रत कचेरीच्या कपाटांत आहे. कामांतून गेलेला एक जुना स्विच आम्हीं संगणकवर्गाच्या टेबलावर मांडला आहे. त्यास शाळेचें कोणतेंही जाळें जोडलेलें नाहीं, त्यामुळें त्यावर हवी ती चूक करावी. नववी व दहावीच्या ज्या विद्यार्थ्यांस तो चालवून पाहावयाचा असेल त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर, वही घेऊन, आमच्याकडे यावें.